धोंड्यांची पंगत

परभणीच्या डॉक्टरांनी धुरपताला आधी वार विचारला, मग महिना विचारला, आणि मग माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण, यांचं नाव काय. वार तिनं चुकीचा सांगितला. महिना सांगितलाच नाही. माझ्याकडे मात्र एकदा पाहिलं, पदर कपाळावर ओढला आणि मान खाली घातली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. ती ओठ मिटून हसली आणि नखानं टेबलाची कड कोरत राहिली. डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळले.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली. इतक्या वर्षांत माझं नाव तिच्या तोंडून मी ऐकलं ते फक्त उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. एरवी 'अहो' आणि 'इकडं बघा'. दुसऱ्याशी बोलताना 'आमचे मालक'. वालूरकडच्या तिच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर ती शेजारणीला कोपरानं ढोसायची आणि शेजारीण सांगायची. त्यामुळे दवाखान्यातून बाहेर पडताना मला कळेना, तिनं नाव घेतलं नाही ते रीतीमुळे, की ते तिला आठवलंच नाही. हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण माझं असंच होतं. वाक्य मनात नीट जुळेपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असतो. घरी आल्यावर तिला सरळ विचारता आलं असतं. तेही मी केलं नाही. काय उत्तर येईल याची धास्ती वाटत होती.

मी सेलूच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. ज्याला बोलणं जमत नाही त्याला ती नोकरी बरी. आता घरात मी आणि धुरपता, आणि पुण्याहून आमच्या मनिषाचा रोजचा फोन. त्या हिवाळ्यात धुरपतानं एकच धरून ठेवलं होतं, पंगतीला जायचंय. मनिषाला वाटायचं, आईला कुणाचं तरी लग्न आठवतंय. मलाही बरेच दिवस तसंच वाटलं. मग एकदा शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, भुजंगदादा बाहेर उभा राहतो, मग मी आत जाते. भुजंगदादा म्हणजे तिचा भाऊ. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती कुठल्या पंगतीबद्दल बोलतेय.

वालूर हे तिचं माहेर. वालूर आणि बोरी यांच्यामधे गायरानाचा एक माळ आहे आणि त्यावर काळ्या दगडांचं एक मोठं गोल कडं आहे. त्याला धोंड्यांची पंगत म्हणतात. एक वऱ्हाड म्हणे तिथं जेवायला बसलं. भूक इतकी होती की सगळेच बसले. बाहेर उभं राहून 'उठा आता' म्हणणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते तसेच बसून राहिले आणि धोंडे झाले. धुरपतानं ही गोष्ट मला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सांगितली होती. मी पुस्तकं चाळली. नागपूरकडे अशी शिलावर्तुळं पुष्कळ आहेत. लोखंड नवं होतं त्या काळातली माणसं आपल्या मेलेल्यांभोवती असे दगड मांडत. आमच्या या कड्याचा उल्लेख मात्र मला कुठं सापडला नाही. एखाद्या जाणत्या माणसाला कळवावं असं कितीदा वाटलं. पण आपण ते पाहिलेलं नाही, पाहिलं तरी आपल्याला त्यातलं काय कळणार, अशा विचारात माझं आयुष्य गेलं.

जुन्या जागा दाखवा, असं डॉक्टर म्हणाले होते. माघ संपत आला होता, ऊन अजून सोसण्यासारखं होतं. एके सकाळी मी धुरपताला घेऊन निघालो. वालूरपर्यंत बसनं आणि तिथून ऑटोनं. ऑटोवाल्यानं आम्हाला माळाच्या पायथ्याला सोडलं आणि परत न्यायला फोन करा म्हणाला.

वाटेत येडबा भेटला. वालूरचाच मेंढपाळ, साठीचा, धुरपताला लहानपणापासून ओळखणारा. खांद्यावर घोंगडी, पुढं मेंढरं. धुरपताला बघून तो आक्का, आक्का करत आला. तिनं त्याला ओळखलं, त्याच्या आईची खुशाली विचारली. त्याची आई जाऊन कैक वर्षं झाली असतील, पण तो बरी आहे म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"दाजी, पंगतीला आलाव आन् आहेर न्हाई आणला," तो म्हणाला. "सेलूचे जावई असेच. खायला पुढं."

मी हसलो. जावयाची थट्टा करायचा त्या गावाचा हक्कच आहे, आणि तिथं माझी ओळख जावई एवढीच. दाजी म्हणतात, पाव्हणे म्हणतात. माझं नाव वालुरात कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

चढावरून दगड दिसले तेव्हा मी थांबलो. मला वाटलं होतं, लहानसे असतील, विखुरलेले, अर्धे मातीत गेलेले. हे माणसाच्या छातीएवढे होते आणि एकमेकांना लागून होते. वरची टोकं वाऱ्यापावसानं गोल झालेली. सगळे किंचित आत झुकलेले. जेवण्याआधी हात जोडून मान खाली घातलेली माणसं पाठमोरी दिसावीत, तसे. आमच्या बाजूला एक जागा रिकामी होती. तिथं उभा धोंडा नव्हता, फक्त एक सपाट बसका दगड होता.

धुरपता बाभळीखाली बसली. येडबानं मला रीत सांगितली. आत जायला हरकत नाही, मेंढरंसुद्धा जातात. पण बसायचं नाही. बसलंच तर आपण होऊन उठायचं नाही. बाहेरच्यानं नाव घेऊन हाक मारायची, मग उठायचं. मी विचारलं, आपण होऊन उठलं तर काय होतं.

त्यानं जरा वेळ मेंढरांकडं बघितलं.

"माणूस घरी जातंय, दाजी. पण समदं जात न्हाई."

हे म्हणताना त्याची नजर बाभळीखाली गेली आणि लगेच परत आली. गावात धुरपताच्या आजाराबद्दल काय बोललं जातं ते मला त्या एका नजरेत समजलं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

तरी मी आत गेलो. मधल्या सपाट शिळेवर कुणी वाटीसारखे खळगे कोरलेत, असं धुरपतानं पूर्वी सांगितलं होतं आणि ते मला पाहायचे होते. येडबा म्हणाला, मी हाय इथं. मी त्या रिकाम्या जागेतून आत पाऊल टाकलं तेव्हा तो खरंच तिथं होता.

खळगे होते. बोट फिरवलं तर आतून गुळगुळीत लागत होते. मी वाकून पाहत होतो, मनात पुस्तकातली चित्रं आणि हे ताडून बघत होतो, तेवढ्यात कुत्री भुंकायला लागली आणि येडबाचं ओरडणं ऐकू आलं. मेंढरं खालच्या कुणाच्या हरभऱ्यात शिरली होती. तो काठी घेऊन उताराला लागला. त्याचा आवाज लांब लांब गेला आणि मग बंद झाला.

वाकल्यानं गुडघे धरले होते. असं झालं की मी घरी जवळची खुर्ची बघतो. इथं जवळ तो बसका दगड होता. मी त्याच्यावर बसलो. बसलो, हे माझ्या ध्यानात आलं ते दोन्ही बाजूंचे धोंडे माझ्या खांद्यांना लागले तेव्हा.

अंधश्रद्धा मी मानत नाही. मानत नाही असं म्हणायची मला सवय आहे, एवढं म्हणणं जास्त खरं. मी लगेच उठणार होतो. उठायला हात टेकले, आणि मग वाटलं, पायातली कळ जाऊ दे. मग वाटलं, येडबा येईल. मग समोर पाहिलं.

आतून ते सगळे दिसत होते. बाहेरून पाठमोरे वाटलेले दगड आतून समोरासमोर बसलेले होते. मी रिकाम्या पानावर बसलो होतो आणि कडं पूर्ण झालं होतं. पाखरांचा आवाज नव्हता. वर येताना वारा होता, तो इथं नव्हता. ऊन डोक्यावर आलं होतं आणि दगडांच्या सावल्या त्यांच्या बुडाशी गोळा झाल्या होत्या, मांडीवर ठेवलेल्या हातांसारख्या.

मग मला आठवलं ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. पुस्तकात वाचलं होतं, की अशा कड्यांच्या पोटात हाडांशेजारी मडकी सापडतात, वाडगे सापडतात. मेलेल्याला पुढं भूक लागू नये म्हणून त्याच्याजवळ अन्न ठेवायचे. म्हणजे गावानं सांगितलेली गोष्ट काही अगदीच खोटी नव्हती. इथं खरोखरच वाढलेलं होतं. माझ्या पायाखाली ते अजून तसंच मांडलेलं असेल, आणि खाणारे त्याच्याभोवती. तीन हजार वर्षं कुणी त्यांना उठा म्हटलं नाही.

मला उठता येईना. पायांना मुंग्या आल्या होत्या, हे खरं कारण असेल. पण मला एवढंच कळत होतं, की मी उठावं म्हणतोय आणि माझं अंग ऐकत नाहीय. घाम मानेवरून पाठीत उतरला. येडबाला हाक मारावी म्हटलं तर आवाज निघेना. उभ्या आयुष्यात मी कधी मोठ्यानं ओरडलो नव्हतो. दुसऱ्यांना हळू बोला म्हणण्याचाच मला पगार मिळायचा.

पाठीमागं बांगड्या वाजल्या.

मला केवढा धीर आला. धुरपता उठून आली होती. मी मान वळवायचा प्रयत्न केला, पण दगडांमुळे तिच्या लुगड्याचा काठ तेवढा दिसला.

"कोण हो तुमी?" ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. ती बाजूच्या दगडाच्या कडेनं पुढं वाकली आणि माझ्याकडे बघायला लागली. डोळ्यात भीती नव्हती, संशयही नव्हता. परक्या माणसाकडं माहेरची पोर बघते तसं ती बघत होती. सेलूला आल्यावर तिनं बोलणं बदललं होतं; आता ते सगळं गळून पडलं होतं.

"कुणाच्या घरचे? हितं कशाला बसलाव? हाक मारायला कोण हाय तुमच्यासंगं?"

मी म्हणालो, कुणी नाही. काय बोललो ते मलाच नंतर कळलं.

तिनं जिभेनं च्च केलं. रानात एकट्यानं येऊ नये, एवढंही या म्हाताऱ्याला कळत नाही, असं काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "नाव सांगा. मी मारते हाक. नाव घेतल्याबिगर उठायचं नसतंय."

डॉक्टरांनी विचारलं तेव्हापासून जे मला तिला विचारायचं होतं ते तीच मला विचारत होती. शेवटी सांगितलं.

"माणिक. माणिकराव."

तिचा हात झटकन पदराकडे गेला. पदर कपाळावर आला, मान खाली गेली, ओठ मिटले. दवाखान्यात झालं होतं अगदी तसंच.

"ते न्हाई मला घेता येत," ती खाली बघत म्हणाली. "ते आमच्या मालकाचं नाव हाय."

मी तिथं बसलो होतो आणि ती माझं नाव तोंडात न घेता माझ्यापासूनच जपत होती. नाव तिच्यापाशी होतं. पुसलेलं नव्हतं. फक्त ते ज्याचं होतं तो माणूस तिला समोर दिसत नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि तेवढ्यापुरता तो झालाही. पण त्याच्या पाठोपाठ जी भीती आली तिच्यापुढं धोंड्यांची भीती काहीच नव्हती.

"दुसरं एखादं नाव न्हाई का?" तिनं विचारलं. "घरचं, लाडाचं?"

नाही म्हणालो. तिनं जरा विचार केला.

"मग माझ्या भावाचं घ्या. तेवढ्यापुरतं. तेव बी हितंच बाहेर उभा ऱ्हायचा." आणि तिनं मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "भुजंगदादा, उठा. पंगत उठली."

भुजंगदादाला जाऊन बारा-चौदा वर्षं झाली. खांदा देणाऱ्यांत मी होतो. ते नाव माझ्यावर पडलं तेव्हा अंगावर काटा आला. पण पाय हलले. मी दगडांना धरून उठलो आणि तिच्या बाजूला, उन्हात, आलो. वारा लागला. खाली दूर येडबाची मेंढरं दिसली. मी तिचा हात धरायला गेलो आणि तिनं तो काढून घेतला. रागानं नाही, परक्या माणसाचा धरू नये म्हणून.

चला, मी म्हणालो, रस्त्यावर जाऊ.

ती जागची हलली नाही. तुम्ही जा म्हणाली. तिचे मालक आत होते. ती त्यांच्याबरोबर आली होती आणि त्यांना घेतल्याशिवाय कशी जाणार होती.

"लय पुस्तकी माणूस हायत," ती मला समजावून सांगायला लागली. "भितरे बी हायत. कुणी म्हणल्याबिगर जागचे उठायचे न्हाईत. तितंच बसून ऱ्हातील येडे."

तिनं असं माझ्याबद्दल माझ्यासमोर कधी म्हटलं नव्हतं. मी विचारलं, मग तूच का हाक मारत नाहीस. तिनं मघासारखीच मान खाली घातली.

"तुमी मारा. तुमाला काय, तुमाला चालतंय त्यांचं नाव."

मी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. बसका दगड उन्हात पांढुरका दिसत होता. मघाशी मी तिथं होतो, आणि तिथं आता कुणी नाही हे मला दिसत होतं. तरी मला हाक मारायची भीती वाटली. हाक मारली आणि कुणी उठलं नाही तर ती इथून हलणार नाही. आणि कुणी उठलं तर. दोन्हींतलं कशाला मी जास्त घाबरत होतो ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि 'जोरात' म्हणाली. मी छाती भरून घेतली आणि त्या माळावर, आत झुकलेल्या सगळ्या डोक्यांसमोर, ओरडलो.

"माणिकराव, उठा. पंगत उठली."

आवाज धोंड्यांमधे गेला आणि परत आला नाही. मी डोळे मिटून घेतले होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग माझ्या मनगटाला तिची बोटं लागली.

"अहो, किती वेळ?" धुरपता म्हणाली. "ऊन बघा की. टोपी कुठं टाकलीत?"

तो सेलूचा आवाज होता, घरचा. मी डोळे उघडले. ती माझ्याकडंच बघत होती आणि नेहमीसारखी वैतागली होती. टोपी बाभळीखाली होती. तिनं ती आणून माझ्या डोक्यावर ठेवली, माझ्या सदऱ्याची माती झटकली, आणि माझा दंड धरून चालायला लागली. मला रडू येईल असं वाटलं, पण मी चालत राहिलो. आमच्यात तसं करायची सवय नाही.

उताराला लागल्यावर ती थांबली आणि मागं वळली.

"हितं एक पाव्हणे होते," ती म्हणाली. "म्हातारे. आपल्या भुजंगदादावानी. कुठं गेले?"

मी म्हणालो, गेले ते.

"कुठं गेले? खाली तर दिसंनात." ती कड्याकडं बघत होती. "पुन्यांदा आत जाऊन बसले का काय?"

मीही बघितलं. बघायचं नव्हतं तरी बघितलं. चढावरून सकाळी पाहिले होते तसेच सगळे पाठमोरे, मान खाली घातलेले. ऊन डोळ्यांवर येत होतं, आणि इथून रिकामी जागा नेमकी कुठली ते मला ओळखू येईना.

येडबा धापा टाकत वर येत होता. हरभऱ्याचा मालक भांडला म्हणाला. मग माझ्याकडं नीट बघून त्यानं हळूच विचारलं, दाजी, बसला न्हाईत ना? नाही म्हणालो. त्यानं धुरपताकडं पाहिलं. ऑटो येईपर्यंत तो आमच्याजवळ रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

ऑटोत धुरपता माझ्या खांद्याला टेकली. मी मनातल्या मनात माझं नाव घेत होतो, कशासाठी ते मला कळत नव्हतं. तिला झोप लागली असं वाटलं, पण वालूर दिसायला लागलं तसं तिनं डोळे न उघडता विचारलं,

"तेंना हाक मारली ना?"

"मारली," मी म्हणालो.

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

तिनं बरं म्हटलं. माझ्या हातावरचा तिचा हात तसाच होता. मी समोर रस्त्याकडं बघत राहिलो, तिच्याकडं पाहिलं नाही. ती हे मला कोण समजून विचारत होती ते मला कळून घ्यायचं नव्हतं.